टोकियोला गेलेले नऊ डबे

तुम्ही कधी कुणाचा डबा रिकामा परत केलाय का हो? केला असेल तर तुम्ही आमच्या बारामती-इंदापूर भागातले नाही, एवढं मी बसल्या जागी सांगते. आमच्याकडं शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं, तरी ती वाटी परत जाताना तिच्यात दोन पेरू नाहीतर मूठभर हुलगे जातातच. त्यावर तिकडून पुन्हा काहीतरी येतं. अशी एकेक वाटी दोन घरांमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहते आणि शेवटी मुळात ती कुणाची होती हेच कुणाला आठवत नाही. (म्हणून तर आम्ही भांड्यांवर नावं घालून घेतो.)

भवानीनगरच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला, पंधरा-वीस घरांची एक वस्ती आहे. तिथल्या शकुबाईनं आजवर कुणाचं भांडं रिकामं धाडलं नव्हतं. तिचा नवरा दत्तोबा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं कारकून होता. उसाची भरलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची, मग रिकामी घ्यायची, आणि मधला फरक मोठ्यानं ओरडून सांगायचा, हे त्याचं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सवय गेली नाही. बाजारात भोपळा जरी हातात घेतला तरी तो आधी त्याचं वजन जाहीर करतो.

या दोघांची एकुलती एक लेक सुप्रिया. जावई ऋषिराज इंदापूरकडचा. लोणी देवकरच्या एका कंपनीत तो इंजिनियर होता. कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी टोकियोला धाडलं आणि सुप्रियाही गेली. तिथं तिलाही एका ऑफिसात नोकरी लागली. तेव्हापासून शकुबाईला लेक दिसायची ती फोनवर, दर रविवारी, बारा-पंधरा मिनिटं. तीही धड नाही. कधी जिना चढताना, कधी भाजी चिरताना, कधी नुसतंच कपाळ. "आई, बोल, मी ऐकतेय," असं ते कपाळ म्हणायचं. कपाळाशी माणूस किती बोलणार?

येत्या दिवाळीला ती तीन वर्षं पुरी होणार होती. शकुबाईनं माडीवरच्या खोलीला रंगही देऊन घेतला होता. पण दिवाळीला अजून सहा महिने होते, आणि तेवढ्यात सुप्रियानंच विमानाची तिकिटं पाठवली. "आठ दिवस या. मी रजा काढलीय. पूर्ण आठ दिवस."

पूर्ण आठ दिवस! शकुबाईला त्यातला एकच पुरेसा होता. एक अख्खा दिवस, ज्यात कुठं जायचं नाही, काही करायचं नाही, नुसतं लेकीजवळ बसायचं. तिचं तोंड बघायचं, सगळं, हनुवटीपासून केसांपर्यंत. बाकीचे सात दिवस टोकियोचं काय करायचं ते टोकियोनं बघावं.

पण बातमी वस्तीवर फुटली आणि डबे यायला लागले.

कुशाबाईनं शेंगदाण्याची चटणी आणली. जयवंतानं कुरडया आणल्या. कुणी सांडगे, कुणी गुळाच्या पोळ्या, कुणी कारळ्याची चटणी. भिगवणच्या चुलतबहिणीनं तर वाळवलेली चिलापी मासळी पाठवायचं ठरवलं होतं, पण "वासानं विमान मागारी वळवत्याल," असं म्हणून दत्तोबानं ती भिगवणलाच थांबवली. (ती बहीण अजून त्याच्याशी बोलत नाही.) तरी मोजून नऊ डबे झाले. स्टीलचे, झाकणं घट्ट, प्रत्येकावर नाव.

"प्लास्टिकच्या पिशव्यात भर सगळं," दत्तोबा म्हणाला. "नुसत्या डब्यांचंच पावणेतीन किलो व्हतंय."

"लोकांनी डब्यात दिलंय. डब्यातच जाईल."

"अगं, विमानात वजन बघत्यात."

"बघू द्या की. तुमी काटा सोडून चार वर्सं झाली. आता दुसऱ्यांना बघू द्या."

दत्तोबानं पिशव्यांचा नाद सोडला. त्या दिवशी त्यानं तोंड चालवून त्या पिशव्या भरायला लावल्या असत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

टोकियोतलं सुप्रियाचं घर म्हणजे दोन खोल्या. आपल्याकडं ट्रॅक्टरला याहून मोठी शेड असते. पण शकुबाईला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, एवढ्याशा घरात लेक लांब जाऊन जाऊन जाणार कुठं! सुप्रियानं केस खांद्यापर्यंत कापले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिनं बॅग उघडली, वरचा डबा काढला आणि उभ्याउभ्याच कुशाबाईच्या चटणीत बोट घालून चाटलं. मग पुन्हा घातलं. मग भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"तिखट लागलं व्हय गं?" शकुबाईनं विचारलं.

"हो. लई तिखट आहे," सुप्रिया भिंतीलाच म्हणाली.

संध्याकाळी तिनं सगळे जिन्नस आपल्या बरण्यांत काढून घेतले, नऊही डबे घासले आणि खिडकीत एका ओळीत पालथे घातले. शकुबाईनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगंबाई. आता ह्येच्यात काय घालून न्यायचं?"

एवढंच ती बोलली. सहज बोलली. पण सुप्रियाचा चेहरा एकदम उजळला. "त्याची काळजीच करू नकोस आई. उद्यापासून रोज शॉपिंग! मी सगळं ठरवलंय." आणि तिनं फोन काढून यादीच दाखवली. सोमवारी अमुक बाजार, मंगळवारी तमुक मॉल, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. आठही दिवस भरलेले. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांना नंबर लावतात तसे.

शकुबाईनं यादीत कुठं एखादी रिकामी जागा दिसते का ते पाहिलं. नव्हती. पण लेक एवढ्या हौसेनं दाखवत होती, की ती म्हणाली, "व्वा!"

ती "व्वा" तिला सात दिवस पुरली.

पहिल्या दिवशी ते एका सात मजली दुकानात गेले. दारात गणवेशातली एक मुलगी होती, ती कमरेत वाकली. दत्तोबाला वाटलं, पाया पडतेय. "आसू दे, आसू दे," म्हणत तोही वाकला. ती आणखी वाकली. आपण पाहुणे, आपण कमी पडलो तर बारामतीचं नाव जाईल, म्हणून दत्तोबा आणखी वाकला. असं चार-पाच वेळा झाल्यावर त्याच्या कमरेत कळ आली आणि सुप्रियानं त्याला दंडाला धरून सरळ केला.

आत एका काचेच्या कपाटात एक खरबूज मखमलीवर ठेवलं होतं. देठाला रिबीन होती. दत्तोबानं ते उचललंच.

"दीड किलो. शंभर ग्रॅम इकडं-तिकडं."

"आप्पा, ठेवा! ठेवा ते खाली!"

"का? वजनाला पण पैसं घेत्यात?"

शकुबाई एका कपबशीपाशी थांबली, तर सुप्रिया लगेच म्हणाली, "आवडली? घेऊ?" शकुबाई थांबली होती ती पाय दुखले म्हणून. पण कपबशी घेतली गेली. पुढं ती टॉवेलांपाशी थांबली, टॉवेल घेतले गेले. छत्र्यांपाशी थांबली, छत्री घेतली गेली. मग ती थांबायचीच बंद झाली आणि "आई किती उत्साही आहे!" असं सुप्रिया रात्रीच्या जेवणाला ऋषिराजला सांगू लागली.

बोलायचं म्हटलं तर रस्त्यात बोलता यायचं नाही, कारण सुप्रिया पुढं आणि ही मागं. रेल्वेगाडीत बोलावं तर तिथं कुणी बोलतच नाही. शे-दोनशे माणसं, आणि मयतीला आल्यासारखी गप्प. शकुबाई हळूच म्हणाली, "सुपे, मागं तुला ताप आला व्हता तवा कोण हुतं गं जवळ?" तर सुप्रियानं ओठांवर बोट ठेवलं. घरी आल्यावर विचारीन, असं शकुबाईनं ठरवलं. घरी आल्यावर सुप्रियानं पिशव्या ठेवल्या, भिंतीला टेकून बसली आणि उद्याचा रस्ता फोनवर शोधता शोधता बसल्या जागी झोपली. फोन हातातच. शकुबाईनं तो अलगद काढून घेतला आणि जरा वेळ तिच्याकडं बघत राहिली. तोंड दिसत होतं, पण अर्धंच. अर्ध्यावर कापलेले केस आले होते.

डबे मात्र भरेनात. चॉकलेटं बघितली, ती हिरवी निघाली. दत्तोबा म्हणाला, "कालव्यातलं शेवाळ हाय ह्ये." एके ठिकाणी वाळवलेल्या पानांचे काळे कागद मिळाले, ते चाखून तो म्हणाला, "ह्ये पण शेवाळच, फक्त समुद्राचं." एका दुकानात नाजूक गोल मिठाई होती. शकुबाईनं तोंडात टाकली आणि थांबली.

"सुपे, ह्ये तर पुरण हाय."

"लाल घेवड्याचं असतं गं ते. इथली खासियत आहे."

"आसंल. पर कुशाबाईला मी पुरण नेऊन देऊ? तिच्या पुरणाला भवानीनगरातनं माणसं येत्यात. ती मला विचारंल, शकुताई, येवढ्या लांब गेलीस ती माझी चूक काढाया गेलीस व्हय?"

असे सहा दिवस गेले. सुप्रिया रोज नवी दुकानं शोधत होती आणि शकुबाई रोज मनातल्या मनात उरलेले दिवस मोजत होती. डबे एकदाचे भरले की हे हिंडणं थांबेल आणि लेक घरात बसेल, असा तिचा हिशेब होता. म्हणून सातव्या दिवशी सकाळी ती दत्तोबाला बाजूला घेऊन म्हणाली, "अवं, आज काय बी करून डबं भरा. कशानं बी भरा. उद्याचा दिवस मला मोकळा पायजे."

आता हे दत्तोबाला सांगायला नको होतं. त्याला काम सांगितलं की तो ते करतो.

त्यानं नऊही डबे पाठीवरच्या पिशवीत घातले. "दुकानदाराला माप दाखवाया लागतं," असं त्याचं म्हणणं. त्या गप्प गाडीत तो जरा हलला की पाठीवर नऊ डबे खणखण वाजायचे. लोक नजर वर करायचे, दत्तोबा खोकायचा, लोक नजर खाली करायचे. सात स्टेशनं हाच कार्यक्रम.

एका मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर सगळा खाऊचाच बाजार होता. तिथं पोचतात तोच सुप्रियाला ऑफिसातून फोन आला. "दहा मिनिटं बाहेर जाऊन बोलून येते. इथंच बाकावर बसा. कुठं जाऊ नका." मग वळून, "आप्पा, तुम्हाला सांगतेय."

"न्हाय जात," दत्तोबा म्हणाला, आणि ती दिसेनाशी होताच उठला.

समोरच एक मिठाईचं दुकान होतं. काचेआड संक्रांतीच्या काटेरी हलव्यासारखे रंगीत दाणे ठेवले होते, गुलाबी, पिवळे, पांढरे. शकुबाईलाही ते बघून बरं वाटलं. हे न्यायला हरकत नव्हती. वस्तीवरच्या सगळ्यांना ओळखीचंही वाटलं असतं आणि परदेशीही.

दत्तोबानं काउंटरवर नऊ डबे मांडले. पलीकडची मुलगी सुप्रियाच्याच वयाची असेल. त्यानं हलव्याकडं बोट केलं, मग डब्यांकडं केलं, मग दोन्ही हात वर करून एक बोट मिटलं.

"ह्ये. ह्येच्यात. भरून. नऊ," तो मोठ्यानं, सावकाश म्हणाला. (सावकाश बोललं की मराठी कुणालाही कळतं, अशी त्याची समजूत आहे.)

मुलगी वाकली. डब्यांकडं बघितलं. एक डबा उचलून त्यावरच्या नावावरून तिनं हळूच बोट फिरवलं. मग आतून एका वयस्कर बाईला बोलावलं. दोघींनी डबे निरखले, झाकणं काढून आत बघितलं, आपसात काहीतरी बोलल्या आणि नऊच्या नऊ डबे आत घेऊन गेल्या.

"बघ," दत्तोबा म्हणाला. "झालं का न्हाय काम? तू आनि तुझी लेक सात दिवस नुसत्या हिंडताय."

दहा मिनिटांनी त्या दोघी बाहेर आल्या आणि शकुबाईनं तोंडावर हात ठेवला. नऊ डबे नव्हतेच ते, नऊ रुखवत होते. प्रत्येकाला फुलाफुलांचा कागद, त्याला एक सुरकुती नाही. वर सोनेरी दोऱ्याची गाठ, गाठीत कागदाचं इवलंसं फूल. प्रत्येकाला वेगळी पिशवी, आणि ती पिशवी मळली तर म्हणून आत घडी घालून दुसरी पिशवी. दत्तोबानं पाकीट काढलं तर दोघींनी हात हलवून नको म्हटलं. तो पुढं करतोय, त्या मागं सारतायत. शेवटी दोघी एवढ्या वाकल्या की दत्तोबानं पाकीट खिशात घातलं.

"पाहुण्यास्नी फुकट हाय," तो भारावून म्हणाला. "ह्येला म्हणायचं माणुसकी. आपल्याकडं यात्रंत कुणी बत्तासा तरी फुकट देतं का?"

शकुबाईनं पिशव्या उचलल्या. "अवं, हलकं लागतंय वो."

आता हा माणूस चौतीस वर्षं भरल्या आणि रिकाम्या ट्रॉलीतला फरक सांगत आलेला. त्यानं एक पिशवी हातात तोलली, डोळे मिटले, आणि म्हणाला, "परदेशी माल हलकाच असतो."

सुप्रिया परत आली तेव्हा तिला काही सांगितलं नाही. घरी जाऊन दाखवायचं ठरलं. शकुबाई गाडीत बसली ती नवरीसारखी. डबे भरले होते! उद्याचा दिवस मोकळा झाला होता! दुसऱ्या दिवशी रात्रीचं विमान होतं, दुपारी तीनला घर सोडायचं होतं, पण तीन वाजेपर्यंत लेक तिची होती.

संध्याकाळी तिनं पिठलं टाकलं. टाकताना गुणगुणत होती.

"आई आज एवढी खुशीत कशी काय?" सुप्रिया म्हणाली.

"काम झालं ना बाई. उद्या कुठं जायला नको."

"कसलं काम?"

दत्तोबानं नऊ पिशव्या सतरंजीवर ओळीनं मांडल्या आणि सगळी हकीकत सांगितली. त्या वाकल्या कशा, पैसे नाकारले कसे. ऋषिराज नुकताच कामावरून आला होता, तो मोजे काढता काढता थांबला. सुप्रियाच्या कपाळावर आठी आली.

"फुकट? आप्पा, इथं असं कुणी काही फुकट देत नाही."

"तुला न्हाय देत. तू हितलीच झालीस. आमी पाहुणं."

सुप्रियानं एक पुडकं मांडीवर घेतलं. कागद फाटू नये म्हणून नखानं चिकटपट्टी सोडवली. आतून स्टीलचा डबा निघाला. तो घासूनपुसून चकाकत होता. वरती नाव, कुशाबाई. तिनं झाकण काढलं.

डब्यात कुणाचं तरी तोंड दिसत होतं. सुप्रियाचंच.

दुसरा उघडला. जयवंताचा. रिकामा. तिसरा रिकामा. चौथा उघडताना ऋषिराज बाथरूममध्ये गेला आणि नळ मोठा सोडला, पण हसणं ऐकू यायचं ते आलंच.

"त्यांना वाटलं, तुम्हाला हे डबे कुणाला तरी भेट द्यायचेत," सुप्रिया म्हणाली. "तुम्हाला फक्त कागद लावून हवाय. आप्पा, त्यांनी तुमचेच डबे तुम्हाला बांधून दिले."

दत्तोबानं एक डबा उचलून हातात तोलला. मग म्हणाला, "तरी मी म्हणलं, वजन का भरंना!"

"असू दे. काही बिघडलं नाही," सुप्रिया फोन काढत म्हणाली. "सकाळी दहाला उघडतं ते. पुन्हा जाऊ. मी स्वतः भरून घेते. मग तिथंच वरच्या मजल्यावर..."

"मला न्हाय जायचं," शकुबाई म्हणाली.

"अगं, फक्त दोन तास आई. डबे असे रिकामे..."

"न्हाय म्हणलं ना मी!"

पिठल्यातली पळी तिच्या हातातच होती. तिचा आवाज एवढा चढलेला सुप्रियानं लग्नाच्या आधी ऐकला होता, त्यानंतर नाही.

"सात दिवस मी तुझी पाठ बघतीया," शकुबाई म्हणाली. "तू म्होरं, मी मागं. तुझ्या कोटाला मागून शिवण कुठं हाय ते मला पाठ झालंय. तुझं तोंड मी वस्तीवर बसून फोनवर जास्ती बघत हुते गं. त्यापरास आले नसते तर बरं झालं असतं."

घरात फक्त बाथरूमचा नळ वाजत होता. तोही बंद झाला.

"मला वाटलं, तुलाच फिरायचंय," सुप्रिया म्हणाली. "पहिल्याच दिवशी डब्यांचं काढलंस. आणि टोकियोला गेली नि घरात बसून आली, असं तुला लोक म्हणतील म्हणून..."

"म्हणू देत की."

"आणि..." सुप्रियाचं बोट कुशाबाईच्या नावावरून फिरत होतं. "आणि घरात बसलं की तू विचारणार, दिवाळीला येताय ना."

शकुबाईच्या हातातली पळी खाली आली. "मग? येत न्हाय?"

सुप्रियानं मागं वळून बघितलं. ऋषिराज बाथरूमच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, कंपनीनं अजून दोन वर्षं मागितलीत. मी हो म्हटलंय. चूक माझी आहे. सात दिवस मीच सांगणार होतो."

"दोन वर्सं," दत्तोबा म्हणाला. काट्यावर वजन पुकारायचा तसं म्हणाला, पण हळू.

शकुबाई सतरंजीवर बसली. पिठलं खाली लागायला लागलं होतं, ते कुणीच बंद केलं नाही. मग ऋषिराजनं केलं.

"दोन वर्सं सांगायला सात मजली दुकान दाखवायचं?" ती म्हणाली. "तितंच दारात सांगितलं असतंस, तर जिनं चढायचं तरी वाचलं असतं माझं."

सुप्रिया हसली. हसताहसता तिनं डोकं आईच्या मांडीवर टाकलं आणि मग खांदे हलायला लागले. ते हसण्यानं हलत नव्हते, हे दत्तोबालासुद्धा कळलं. तो उठून खिडकीशी गेला आणि टोकियो बघत उभा राहिला. त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंतच दिसत होती, पण त्यानं ती बराच वेळ बघितली.

शेवटी तोच म्हणाला, "समदं खरं. पर डब्यांत काय घालायचं?"

"आप्पा!"

"न्हाय, म्हंजे उद्या रात्री विमान हाय. परवा कुशाबाई दारात उभी."

सुप्रियानं डोळे पुसले. "आजी काय करायची गं, घरात काहीच नसलं की?"

"साखर घालायची. मूठभर," शकुबाई म्हणाली.

दत्तोबा गरकन वळला. "साखर? अगं, चौतीस वर्सं साखर कारखान्यात काढली मी! सभासदाला मिळत्यात ती साखरेची पोती घरात हायत. दाराच्या म्होरं ऊस, दाराच्या मागं ऊस. आनि मी टोकियोतनं साखर आणली म्हणून सांगू? उसाच्या मोळीबरुबर मला पण कारखान्याच्या गव्हाणीत टाकत्याल!"

कुणी त्याचं ऐकलं नाही. सुप्रियानं आपली साखरेची बरणी काढली आणि प्रत्येक डब्यात एकेक मूठ घातली. नऊ डबे, नऊ मुठी. शकुबाई डब्यांकडं नाही, मुठीकडं बघत होती. लहानपणी याच हातानं सुप्रिया चोरून साखर खायची, तेव्हा मूठ पेरूएवढी होती. ऋषिराजनं तेच कागद पुन्हा लावायला घेतले. एका कागदाला त्याला अर्धा तास लागला आणि बांधून झाल्यावर तो डबा एखाद्या हात मोडलेल्या माणसासारखा दिसत होता. मग बाकीच्यांना नुसती रबरं लावली.

जेवणं झाली. लागलेलं पिठलं चौघांनी निमूट खाल्लं. सुप्रियानं फोनवरची उद्याची यादी पुसून टाकली, आईला दाखवून पुसली, आणि आपली गादी ओढून शकुबाईच्या गादीला लावली.

"उद्या काय काय करायचं आई?"

"काय बी न्हाय. तू बसायचं नि मी बसायचं."

"आणि आप्पा?"

"त्ये त्या भिंतीकडं बघतील."

शकुबाई आडवी झाली, पण डोक्यात बोलण्याची जुळणी चालली होती. आधी काय विचारायचं? तापात कोण होतं ते? की हसतेस-बोलतेस कुणाबरोबर ते? जेवतेस का वेळेवर, केस का कापलेस, आठवण आली की काय करतेस? आणि वस्तीवरचंही सांगायचं होतं. जयवंताच्या नातवाचं बारसं, नव्या मोटारीचं पाणी, माडीवरच्या खोलीचा रंग. सकाळी सातला चहा घेऊन बसलं तर तीन वाजेपर्यंत आठ तास. आठ तासांत तीन वर्षं बसवायची, आणि येणाऱ्या दोन वर्षांचीही थोडी तजवीज करून ठेवायची. घाईघाईनं, पण बसलं असतं. तिनं सगळा क्रम नीट लावला आणि मगच डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रिया साडेअकरा वाजेपर्यंत गाढ झोपली, आणि शकुबाईनं तिला उठवलं नाही.